ते पितळी फासे त्याला परत दे

*ताई, दर रविवारी आम्ही सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ खेळतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. गेल्या सेशनमध्ये लाल ड्रॅगननं एका मित्राच्या योद्ध्याची बहीण मारली. आता हा पाचव्या लेव्हलचा फायटर पार्टीला, म्हणजे खेळातल्या सोबत्यांना, न सांगता रात्री एकटाच गुहेकडे निघालाय, सूड घ्यायला. बाकीचे चौघे वैतागलेत. पडद्याआड फाशांचे आकडे बदलून त्याला वाचवू, की मरू देऊ? की मेलेल्या बहिणीलाच मंत्रानं बोलतं करून त्याला थांबवू? दोन महिन्यांपूर्वी त्याचा मोठा भाऊ गेला, म्हणून असेल, पण खेळात तो जरा जास्तच गुंतलाय. परवा जाताना स्वतःचे पितळी फासेही माझ्याकडेच ठेवून गेला. ‘राहू देत तुला,’ म्हणाला.*
*— एक डीएम, डोंबिवली*

ड्रॅगनचं नंतर बघू. तू त्या फाशांबद्दल त्याला काही विचारलंस का?

हा खेळ खेळणारी माणसं आपल्या फाशांना दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. पितळी संच म्हणजे चार बाजूंच्यापासून वीस बाजूंच्यापर्यंत सात जड फासे, पैसे साठवून घेतलेले. भाऊ गेलेला मुलगा ते तुझ्या हातात ठेवून जातो आणि तू मला विचारतोस, शेवट कसा रंगवू! राग आला मला तुझा.

रविवारची वाट बघू नकोस. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा, फासे खिशात घेऊन. खेळाचा विषय काढू नकोस, आधी भावाबद्दल विचार आणि गप्प बस. मग सरळ विचार, ‘तुला मरायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नकोस, घरातल्या मोठ्यांना तिथंच सांग आणि त्याच्याजवळ बसून १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. लगेच काही करून घेईल असं वाटलं, तर थेट दवाखाना गाठ. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ घातली तरी ती पाळायची नाही.

कदाचित तसं काही नसेलही. मग तुझी एक संध्याकाळ गेली, एवढंच.

आता खेळ. तो योद्धा एकटा गेला तर काय होणार, हे तुला पाठ असायला हवं. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, साधारण ४४. २०१४च्या नियमांत तरुण लाल ड्रॅगनचे १७८, आणि त्याच्या आगीचे सहा बाजूंचे १६ फासे, म्हणजे सरासरी ५६. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकला की गडी पहिल्याच फेरीत आडवा. बेशुद्ध पडलेल्याला पाच फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जबर, धरतात, एका वाराला दोन डेथ सेव्ह, म्हणजे जगायच्या तीनपैकी दोन संधी, गेले. दोन पंजे लागले की संपलं. पार्टी सोबत असती तर कुणीतरी हीलिंग पोशन पाजलं असतं. हे हिशेब तुझ्याइतकेच त्यालाही येतात. म्हणून मी या एकट्यानं जाण्याला सूड म्हणत नाही.

फाशांचे आकडे बदलू नकोस, त्याला ते लगेच कळेल. आणि मेलेल्या बहिणीला बोलतं करायचं तर नावही काढू नकोस. ‘स्पीक विथ डेड’ या मंत्रात प्रेत पाच प्रश्नांची उत्तरं देतं, ती उत्तरं तुझ्या तोंडून येणार आणि समोर बसलेल्याचा भाऊ खरोखर गेलाय. ‘रेझ डेड’ही तसंच. तिथं ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा दिला की दहा दिवसांपर्यंत मेलेलं माणूस उठतं. त्याच्या घरी कोण उठणार आहे?

हा रविवार रद्द कर. चौघांना खरं कारण सांगायचं की नाही, हे त्याला विचारून ठरव, पण त्यांचं वैतागणं आजच बंद कर. पुढे कधी तो स्वतःहून म्हणाला, ‘खेळूया’, तर ती रात्र तिथूनच सुरू कर: योद्धा गुहेच्या वाटेवर आहे आणि मागून चार घोड्यांच्या टापा ऐकू येतायत. पुढचं त्यानं ठरवायचं, पितळी फासे त्याच्याच हातात असू देत.