अतिथंडीतही रेणू हलतात, हे प्रकाशाला कसे कळते?

प्रश्न : निरपेक्ष शून्याजवळ (० केल्विन, म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) रेणूंची हालचाल गोठते, असे मी पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गात सांगते, परंतु प्लास्टिकसारख्या पदार्थांत तेथेही हालचाल उरते आणि ती प्रकाशाने मोजतात, असे वाचनात आले. हे कसे शक्य होते? – एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : आपले विधान स्फटिकांपुरते बहुतांशी बरोबर आहे. बेळगावातील शहापूरच्या खडेबाजारातून खडीसाखर आणि लिमलेटची गोळी आणून दोन्ही फोडून पाहाव्यात. दोन्हींत मुख्यतः साखरच असते. पण खडीसाखरेत प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते, तर पाक झपाट्याने गार होऊन बनलेल्या गोळीत रेणू सापडले तसे थिजतात आणि म्हणून ती काचेसारखी फुटते. अशा विस्कळीत रचनेत काही अणुगटांना जवळजवळ सारख्याच सोयीच्या दोन जागा मिळतात. मधला ऊर्जेचा उंचवटा ओलांडण्याइतकी उष्णता नसली, तरी पुंजयांत्रिकीनुसार (अणूंसारख्या सूक्ष्म कणांच्या नियमांनुसार) ते त्यातून आरपार जाऊ शकतात. यालाच टनेलिंग म्हणतात. १ केल्विनखाली काचेची विशिष्ट उष्णता (तापमान वाढवायला लागणारी उष्णता) स्फटिकाहून बरीच जास्त भरते, हे झेलर आणि पोल या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवले. त्याचे हे स्पष्टीकरण पुढच्याच वर्षी अँडरसन, हॅल्पेरिन व वर्मा यांनी आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी मांडले.

आता प्रकाशाकडे वळू. दुकानांच्या पाट्यांना लागते तसल्या, अशाच विस्कळीत रचनेच्या ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्याचे अगदी थोडे रेणू मिसळून ते ४.२ केल्विनला उकळणाऱ्या द्रव हेलियमने थंड करतात. रंगरेणू कोणत्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो, हे शेजाऱ्यांवर अवलंबून असते. शेजारी सरकला की ती वारंवारता किंचित बदलते. अडचण अशी की, प्रत्येकाचा शेजार निराळा असल्याने असंख्य रेणूंच्या रेषा एकमेकींवर पडून एकच रुंद पट्टा दिसतो आणि त्याहून हजारो पट अरुंद असलेली एकेकट्या रेणूची रेषा त्यात बुडून जाते.

यावर १९७४ मध्ये सोव्हिएत संघातील दोन गटांनी तोड काढली. नेमक्या एका वारंवारतेचा लेसर टाकला की ती वारंवारता शोषणारे तेवढेच रेणू बदलतात आणि पट्ट्यात बारीक भोक पडते. शेजारी हलत राहिल्याने हे भोक तासन्‌तास हळूहळू रुंदावत जाते व त्या रुंदावण्यातून हालचालीचा वेग कळतो. मात्र लेसरनेच नमुना तापला, तर आकडे फसवतात.

तरीही ही सारी सरासरीच. १९८९ मध्ये मर्नर आणि काडोर या शास्त्रज्ञांनी स्फटिकातील एकच रेणू प्रकाशाने टिपला. पुढे हीच पद्धत पॉलिमरांतही (प्लास्टिकसारख्या पदार्थांतही) वापरली गेली. तेथे एका रेणूची रेषा दोन वारंवारतांमध्ये उड्या मारताना दिसली, तर एक शेजारी जागा बदलतो आहे असे समजतात. चार ठिकाणी दिसली, तर बहुधा दोन.