बहिणाबाई चौधरींच्या ‘अरे संसार संसार’ या कवितेचा अर्थ ‘संसार म्हणजे नुसतं दुःख’ असा होतो का?

नाही. पहिल्या कडव्याशीच थांबलं की असं वाटतं. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ यात तक्रार नाही, कामाचा क्रम आहे. तव्यावरच्या भाकरीला हाताने पाणी लावावं लागतं, चटका तिथेच बसतो. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. शेतात नि चुलीपुढे राबणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताबद्दल बोलावं, तसं हे आहे.

पुढची कडवी वाचा. खिऱ्याचं, म्हणजे काकडीचं, एक तोंड कडू, बाकी सगळी गोड. मग येतो भिलावा, आपला बिब्बा. त्याचं तेल अंगावर उततं, म्हणून लोक लांब राहतात. पण त्याच फळाला गोड भीमफूल, म्हणजे बिब्ब्याला जोडलेला गरदार भाग, असतं आणि आत गोडंबी, म्हणजे खायचा गर. ही निवड मला भाकरीपेक्षाही भारी वाटते. भाकर गोड मानायला कुणाची हरकत नसते. इथे बहिणाबाई, माणसं ज्याला भितात, त्याच्याच पोटात खाऊ दाखवतात. काटेरी शेंगेतले सागरगोटे त्याच रांगेतले.

परीक्षेत ‘कष्टाशिवाय फळ नाही’ एवढंच लिहू नका. ‘देतो दुःखाले होकार, अन सुखाले नकार’ ही ओळ त्यात बसत नाही. तिथे कष्टाच्या मोबदल्याचं आश्वासन कुणी देत नाही. दोन जीव मिळून दुःख पत्करतात, एवढंच. तिशीच्या आसपास वैधव्य आलेल्या बाईच्या तोंडी ही ओळ आहे, हेही लक्षात असू द्या.