नोंदणी क्रमांकाने गर्दी हटेल?

प्रश्न : पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने देण्याबाबत युरोपीय संघाने नियम केला आहे. त्याने शहरांतली गर्दी कमी होईल का?

उत्तर : थेट नाही. २०२४/१०२८ हा नियम २० मे २०२६ पासून लागू होतो, पण घर वर्षात किती रात्री भाड्याने द्यायचं, याची मर्यादा तो घालत नाही. शहरांच्या हाती माहिती देतो. नोंदणी सक्तीची असेल तिथे घरमालकाला क्रमांक घ्यावा लागतो, तो जाहिरातीत दिसलाच पाहिजे. पाहुणे किती, रात्री किती, हे अशी घरं भाड्याने देणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी दरमहा कळवायचं. खरी गोम इथेच आहे : नोंदणीच नसेल तिथे ही माहिती मिळत नाही. मर्यादा ठरवायचं धाडस शहरानेच करायचं. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत अशा १०,१०१ घरांचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे.