एनव्हीआर घ्यावा, पण कोणता?

प्रश्न : घराला चार कॅमेरे बसवायचे आहेत. एक पर्याय क्लाउडचा, म्हणजे चित्रण इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवायचं : कॅमेरे स्वस्त, पण प्रत्येकामागे दरमहा वर्गणी. दुसरा १६ चॅनेलच्या (म्हणजे १६ कॅमेरे जोडता येतील अशा) एनव्हीआरचा, म्हणजे चित्रण घरातल्याच डिस्कवर साठवणाऱ्या रेकॉर्डरचा. पुढेमागे कॅमेरे वाढले तरी पुन्हा खर्च नको, असं विक्रेता म्हणतो. पैसे १२ बिनव्याजी हप्त्यांत द्यायचे. यात सुरुवातीला जी जादा रक्कम जाते, ती साधारण ३० महिन्यांच्या वर्गणीएवढी आहे. काय करू?

उत्तर : एनव्हीआर घ्या, पण हा नको.

तुमचा ३० महिन्यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. रेकॉर्डर आणि त्यातली डिस्क चोवीस तास चालते. १० ते १५ वॅट धरले तर वर्षाला ९० ते १३० युनिट वीज. (कॅमेऱ्यांची वीज दोन्हीकडे लागणारच, ती मी धरलेली नाही.) हार्ड डिस्कही झिजते, पाच वर्षांत एकदा बदलावी लागेल असं समजून चला. हे धरलं की दोन्ही पर्यायांच्या खर्चाची बरोबरी तीन वर्षांच्या आसपास होते. पाच वर्षांच्या हिशेबात एनव्हीआर तरीही स्वस्त पडतो, शिवाय वर्गणीचा दर तोवर तसाच राहील असं कुणी लिहून देत नाही.

आता १६ चॅनेल. ‘पुढेमागे लागले तर’ या तीन शब्दांवर बरीच विक्री होते. चार कॅमेऱ्यांच्या घराला ८ चॅनेलचा रेकॉर्डर भरपूर झाला. वाचलेले पैसे डिस्कवर घाला, कारण खरा उपयोग तिथे आहे. एक मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने दिवसभर रेकॉर्डिंग केलं तर १०.८ जीबी भरतात. प्रत्येक कॅमेरा ४ मेगाबिटने चालला तर चौघांचे रोजचे सुमारे १७३ जीबी होतात. म्हणजे २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. तुम्ही दोन आठवडे गावाला गेलात आणि पहिल्याच रात्री काही घडलं, तर परत येईपर्यंत पुरावा गेलेला असेल. घर सलग जास्तीत जास्त किती दिवस बंद असतं ते पाहा, त्यात आठवडाभर मिळवा आणि त्यावरून डिस्क ठरवा. तुमच्यासाठी ४ टीबी ठीक वाटते. तेवीस दिवस मिळतात. एच.२६५ कॉम्प्रेशन (व्हिडिओ कमी जागेत बसवण्याची पद्धत) असलेले कॅमेरे घेतले तर जवळपास तेवढ्याच दर्जाला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचे मेगाबिट, बराच खाली आणता येतो आणि दिवस वाढतात. डिस्क मात्र सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या. कॉम्प्युटरमधली साधी डिस्क सततच्या लिखाणासाठी नसते. तिथे वाचवलेले पैसे टिकत नाहीत.

रेकॉर्डर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं मानक) मानतो का, हेही विचारा. नाहीतर पुढचा प्रत्येक कॅमेरा त्याच कंपनीचा, तिच्याच भावाने घ्यावा लागेल. पीओई पोर्ट (कॅमेऱ्याला एकाच वायरीतून वीज आणि नेटवर्क देणारे) किती आहेत आणि सगळ्यांना मिळून किती वॅट मिळतात, ते कागदावर बघा. चॅनेल आठ असले म्हणजे पोर्ट आठ असतातच असं नाही. फर्मवेअरचे, म्हणजे रेकॉर्डरमधल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट किती वर्षं मिळतील हेही विचारा. ते बंद झाले की पेटी चालू राहते, पण इंटरनेटला जोडून ठेवण्यासारखी राहत नाही.

एका बाबतीत क्लाउड सरस आहे. चोराने रेकॉर्डरच उचलून नेला तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून रेकॉर्डर दिवाणखान्यात टीव्हीखाली नको, कुलपाच्या कपाटात ठेवा. हवा मात्र खेळती हवी. आणि मुख्य दारावरच्या एकाच कॅमेऱ्यापुरती वर्गणी भरा. मला हा खर्च रास्त वाटतो. पाच वर्षांच्या बेरजेत तो धरूनही तुमचं पारडं एनव्हीआरकडेच राहतं.

हप्त्यांचं म्हणाल तर आधी रोखीचा भाव विचारा. रोखीला सूट असेल तर ती सूट म्हणजेच त्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांचं व्याज, आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. सूट नाही, शुल्कही नाही, तर हप्ते खुशाल घ्या. आपत्कालीन निधीला मात्र यासाठी हात लावू नका. तेवढे पैसे बाजूला नसतील तर ८ चॅनेलचा रेकॉर्डर आणि दोनच कॅमेरे, एक पुढच्या दाराला आणि एक मागच्या, एवढ्यावर सुरुवात करा. उरलेल्या दोघांच्या वायरी मात्र आत्ताच टाकून घ्या. पुन्हा भिंती फोडायचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो.