विसण घालणारा हात

घरातलं नळकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. गच्चीवर दोनशे लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे. मे महिन्यात सासूबाई (वय ७६, मधुमेह आहे) शॉवरखाली स्टुलावर बसून न्हात होत्या. मध्येच ओपाचं (सरकारी नळाचं) पाणी गेलं. थंड पाणी बंद झालं आणि शॉवरमधून नुसतं सोलरचं पाणी पडत राहिलं. त्यांना पटकन उठता आलं नाही. उजवा खांदा आणि पाठ भाजली, महिना होत आला तरी ड्रेसिंग चालू आहे. मी दाराबाहेरच होते, लक्ष ठेवायला हवं होतं असं सारखं वाटतं. प्लंबर म्हणतो, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (पाण्याचं तापमान आपोआप सांभाळणारा) बसवा, काही हजार लागतील. यजमान म्हणतात, यापुढे बादलीत पाणी काढून न्हायचं, प्रश्न मिटला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी ती ‘लक्ष ठेवायला हवं होतं’ची टोचणी मनातून काढा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते. ७० अंशांना एक सेकंद पुरतो. म्हातारपणी आणि लहानपणी कातडी पातळ असते, म्हणजे तेवढाही वेळ मिळत नाही. तुम्ही दार ढकलून आत जाईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यातून मधुमेहात हातापायांची जाणीव कमी होते. ज्या हाताने पाणी बघायचं, त्या हातालाच चटका नीट कळत नाही.

आणि मे महिना म्हणालात, तेही लिहून ठेवण्यासारखं आहे. कढत पाण्याची भीती लोकांना थंडीत वाटते. पण थंडीत घरातले सगळे गरम पाणी घेतात, सोलरची टाकी रोज रिकामी होते. मे महिन्यात गरम पाणी कुणाला हवं असतं? ते वापरलंच जात नाही, आणि ऊन रोज त्याच पाण्यावर नवी उष्णता चढवत राहतं. ट्यूबवाल्या सोलरमध्ये ८० अंश सहज होतात. चार दिवस गावाला जाऊन आलात तर पहिलं पाणी अंगावर घेऊच नका.

यजमानांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्या जुन्या न्हाण्यांत तांब्याचं भाण चुलीवर असायचं, त्यात पाणी अक्षरशः उकळायचं, तरी पोरं भाजत नसत, कारण मध्ये विसण होतं. आई नाहीतर आजी कढत पाण्यात थंड पाणी घालून, हात बुडवून, मगच अंगावर तांब्या ओतायची. शॉवर आला आणि तो मधला हात निघून गेला. बादली आली की तो हात परत येतो, हे खरं. पण ज्या बाईला वाकून तांब्या भरता येत नाही तिला रोज कुणीतरी न्हाऊ घालावं लागेल, आणि स्टुलावर बसून आपलं आपण न्हाण्याची सोय जाईल. या वयात ती सोय लहान गोष्ट नाही. म्हणून माझं मत : व्हॉल्व्ह बसवाच. फक्त त्याआधी पाइप बघा. खरा दोष तिथे आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. २००४ साली सांखळीला एका निवृत्त मास्तरांच्या घरी मी न्हाणीचं काम केलं. रस्त्यावरच्या लाइनला दाब छान होता, शॉवर जोरात पडावा म्हणून थंड पाइप मी थेट लाइनवरून घेतला. गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचं. शिगम्याच्या दिवसांत लाइनचं पाणी गेलं, तेव्हा मास्तर शॉवरखाली होते. मी भेटायला गेलो तर ते पालथे झोपलेले, पाठीवर केळीचं पान. ‘पाणी गेलं, त्याला तू काय करणार’ म्हणाले. पाणी जाणं माझ्या हातात नव्हतं. पाइप कुठून घ्यायचा ते मात्र माझ्याच हातात होतं. तुमच्या घरी नेमकी हीच जोडणी असणार. नाहीतर ओपाचं पाणी गेल्याबरोबर शॉवरचं थंड पाणी बंद व्हायचं कारण नाही.

तेव्हा पहिलं काम : शॉवरचा थंड पाइप लाइनवरून तोडून गच्चीवरच्या टाकीला जोडायचा. तोही कसा, ते प्लंबरला नीट सांगा. न्हाणीला जाणारा थंड पाइप टाकीच्या अगदी तळाशी काढायचा, आणि सोलरला पाणी देणारा पाइप त्याच्यापेक्षा चार-सहा इंच वर. असं केलं की टाकी संपत आली तर आधी सोलरचं पाणी तुटतं. सोलरच्या टाकीत थंड पाणी शिरलं नाही की वरून गरम पाणी बाहेर येणं थांबतं. थंड मात्र शेवटपर्यंत चालू राहतं. या कामाला पाइप, दोन सॉकेट आणि अर्धा दिवस लागतो. हे मी मास्तरांच्या घरी नंतर केलं, आधी करायला हवं होतं.

आता व्हॉल्व्ह. शॉवरचा साधा मिक्सर फक्त गरम-थंडाचं प्रमाण धरतो. वर सोलरमध्ये सकाळी ५० अंश आणि दुपारी ८० अंश असलं तर त्याला ते कळत नाही, दांडी त्याच जागी असली तरी दुपारी अंगावर पडणारं पाणी वेगळं. दुकानात ‘प्रेशर बॅलन्सिंग’ म्हणून एक प्रकार दाखवतील. तो दोन्ही बाजूंचा दाब सांभाळतो, कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला तर झटका बसू देत नाही, पण तापमान त्यालाही कळत नाही. गिझर कायम एका तापमानावर असेल तिथे तो ठीक. सोलरला थर्मोस्टॅटिकच हवा.

त्याच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी एक कुपी असते आणि तिच्यात मेण. वितळलेलं मेण वाटीत ओतून ठेवलं तर थिजताना मधोमध खळगा पडतो, तो तुम्ही पाहिला असेल. थंड झालं की मेण आकसतं, तापलं की फुगतं. मिसळलेलं पाणी या कुपीवरून वाहतं. पाणी जरा जास्त गरम झालं की मेण फुगून एक दांडी पुढे ढकलतं, दांडी गरम पाण्याची वाट अरुंद करते. गार झालं की स्प्रिंग तिला मागे आणते. विजेचा संबंध नाही. आणि थंड पाणी पूर्ण तुटलं तर गरमाची वाटही दोन-चार सेकंदांत बंद. तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी एवढंच हवं होतं.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, दाब. टाकी शॉवरच्या दहा मीटर वर असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. आपल्या घरांत टाकी दोन-तीन मीटरच वर असते, म्हणजे पाव बार, फार तर त्याच्या थोडा पुढे. हॉटेलांत लावतात तसे चकचकीत थर्मोस्टॅटिक शॉवर पुष्कळदा एक बार मागतात. तुमच्या घरी ते बसवले तर धार करंगळीएवढी पडेल, मग वैतागून कुणीतरी व्हॉल्व्हच काढून टाकेल. उंची मोजून घेऊन जा आणि कमी दाबावर चालणारा मागा. दुसरी, गरम पाण्याची कमाल मर्यादा. सोलरसाठी ती ९० अंश तरी हवी, ती डब्यावर नाहीतर आतल्या कागदावर छापलेली असते. तिसरी, दोन्ही बाजूंना जाळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा). विहिरीचं पाणी वापरत असाल तर लाल गाळ येतोच, सोलरच्या ट्यूबांतून पांढरे पापुद्रे सुटतात. जाळी नसली तर ते दांडीत अडकतात आणि महागडा व्हॉल्व्ह कुचकामी होतो.

बसवायचा न्हाणीजवळ, गच्चीवर नाही. कोमट पाणी लांब पाइपात पडून राहणं चांगलं नाही. लिजनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो, ६० अंशांना मरतो. म्हणून टाकीत कढत आणि अंगावर पडायच्या जरा आधी कोमट, हीच रीत योग्य. तापमान ४० अंशांवर लावून वरची टोपी घट्ट बसवून घ्या, येता-जाता कुणाच्या हाताने फिरता कामा नये.

पैसे देण्याआधी प्लंबरसमोर चाचणी घ्या, दुपारी, सोलर चांगला तापलेला असताना. (गरम पाणी लावलेल्या तापमानापेक्षा दहा अंशांनी तरी जास्त नसेल तर ही चाचणी खोटी ठरते.) शॉवर चालू करा, थंडाचा कॉक एकदम बंद करा, आणि खाली हात नको, बादली धरा. काही सेकंदांत धार तुटली पाहिजे. नुसती बारीक झाली आणि वाफाळत राहिली तर काम पुरं झालेलं नाही. हीच चाचणी दर वर्षी चवथीच्या साफसफाईत उरकून घ्या. मेणाची कुपीही कधीतरी म्हातारी होते.

प्रश्न : वास्कोला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. न्हाणीत तीन लिटरचा इन्स्टंट गिझर आहे, भिंतीला हात लावता येत नाही. नातू दोन वर्षांचा. काय काळजी घ्यावी?
– एक आजोबा, वास्को

उत्तर : आजोबा, या छोट्या गिझरचं पहिलं पाणीच सर्वांत घातकी. तो आतलं पाणी तापवून आपला बंद होतो आणि तेच तीन लिटर नळ सोडल्याबरोबर बाहेर येतात. म्हणून बादलीत आधी थंड, मग गरम. उलटं कधीही नाही. दोन वर्षांचं मूल बादलीची कड धरून उभं राहतं आणि तुम्ही टॉवेल आणायला वळलात की आत हात घालतं. पाणी हलवून कोपर बुडवून बघा, बोटांना सवय झालेली असते. न्हाऊ घालताना नळ पूर्ण बंद आणि गिझरचं बटणही बंद.

गिझरला बाहेरून फिरवायचं बटण असेल तर ते ५० अंशांच्या आसपास आणा. तिथे भाजायला काही मिनिटं लागतात, ६० वर काही सेकंद. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली नवे हीटर ४९ अंशांवर लावूनच द्यायचे असा कायदा केला, आणि नळाच्या पाण्याने भाजून दवाखान्यात येणारी मुलं तिथे कमी झाली. घरमालकाला विचारून एक काम मात्र करून घ्याच : गिझरखालचा गरमाचा कॉक नातवाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. भिंत फोडावी लागत नाही.

प्रश्न : भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावावी का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : दोन्ही नको, बर्फही नको. नळाचं साधं थंड पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून, भाजलेल्या जागेवरून वाहू द्या. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान मूल आणि म्हातारं माणूस लवकर गारठतं. ओले कपडे काढा, कातडीला चिकटलेले ओढू नका. मग स्वच्छ ओढणी नाहीतर धुतलेलं धोतर सैल टाकून डॉक्टरकडे न्या. मूल असेल, म्हातारं माणूस असेल किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल तर १०८ला फोन करा. आणि पाणी वाहत असतानाच बांगड्या, अंगठी, पैंजण काढून ठेवा. सूज आली की ते निघत नाहीत.