स्वायत्त सेन्सरच्या प्रोजेक्टसाठी कोणता बोर्ड आणि कोणतं एआय मॉडेल घ्यावं?

तिसऱ्या वर्षाला आहात, बजेट कमी आहे आणि ग्रहावर पाठवता येईल असा ‘स्मार्ट सेन्सर’ दाखवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. बोर्ड ईएसपी३२ घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. मॉडेलचं शेवटी बघा. सेन्सरची हुशारी मॉडेलमध्ये असते, हे मला अजिबात मान्य नाही. रीडिंग नेमकं कधीचं आणि ते भरवशाचं आहे का, हे ज्याला सांगता येतं तो सेन्सर हुशार.

मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचं सहावं उड्डाण घ्या, मे २०२१. खाली बघणारा कॅमेरा सेकंदाला ३० फोटो काढत होता. साधारण ५४व्या सेकंदाला एकच फोटो गळाला. एकाने काय बिघडतं? पण त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर चुकीची वेळ पडत गेली. संगणक चुकीच्या क्षणाच्या हिशेबाने वेग आणि दिशा दुरुस्त करत राहिला. हेलिकॉप्टर झोके घेत २० अंशांहून जास्त कललं. पृथ्वीपर्यंत सिग्नल यायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे इथून कुणी काही करणं शक्यच नव्हतं. ते वाचलं, कारण कंट्रोलमध्ये स्थिरतेला भरपूर वाव ठेवला होता आणि उतरताना शेवटच्या टप्प्यात फोटो वापरायचेच नाहीत, हे आधीच ठरलेलं होतं. ठरल्या जागेपासून ५ मीटरच्या आत उतरलं.

हाच घोटाळा तुमच्या टेबलावर होणार. एमपीयू६०५० या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा फिफो, म्हणजे रीडिंग तात्पुरती साठवायची जागा, १०२४ बाइटची. अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण) आणि जायरो (फिरण्याचा वेग) मिळून एक सॅम्पल १२ बाइट, म्हणजे ८५ सॅम्पल, १०० हर्ट्झला जेमतेम ०.८५ सेकंद. वायफायमध्ये कोड अडकला की फिफो ओसंडतो. १०२४ला १२ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे सॅम्पलची सुरुवात सरकते आणि एक्सच्या जागी दुसऱ्याच अक्षाचे बाइट येतात. ग्राफ वरवर ठीक दिसतो, म्हणून चूक सापडत नाही.

सेन्सरची इंटरप्टची पिन, म्हणजे नवं सॅम्पल तयार झाल्याचा इशारा देणारी, बोर्डाला जोडा. आयएसआरमध्ये, म्हणजे त्या इशाऱ्यावर लगेच चालणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये, फक्त वेळ आणि क्रमांक नोंदवा, सेन्सरमधून आय२सी तारांवरून होणारं वाचन बाहेर करा. ओव्हरफ्लोचा, म्हणजे फिफो ओसंडल्याचा, बिट दिसला की फिफो रिसेट करा आणि तेवढा काळ ‘अविश्वसनीय’ अशी खूण करून पाठवा. मधले आकडे अंदाजाने भरू नका. टाइमर ६४ बिटचा घ्या, ३२ बिटचे मायक्रोसेकंद ७१ मिनिटांत शून्यावर येतात.

मॉडेल कुचकामी आहे असं नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर एजिस हे सॉफ्टवेअर २०१६पासून स्वतः दगड निवडून लेझर मारतं. पण तेही फोटोतल्या कडा शोधून, त्यासाठी मोठं मॉडेल लागलं नाही. आणि हे सुटे भाग अंतराळातल्या किरणोत्सर्गात टिकणारे नाहीत, तेवढं रिपोर्टमध्ये लिहा. ‘यात एआय कुठंय?’ असं परीक्षकांनी विचारलं, तर त्यांच्यासमोर मुद्दाम एक सॅम्पल गाळा आणि तुमच्या सेन्सरने ते स्वतः ओळखून कळवलेलं दाखवा.