शनिवार पेठेतलं ३६५ फुटांचं घर घ्यावं का?

प्रश्न: वय ३६, एकटी राहते. टिळक रस्त्यावर नोकरी, चालत जाते. हातात महिना ६८,००० येतात. सध्या शनिवार पेठेतच १७,००० भाडं भरते. शनिवारवाड्यापासून पाच मिनिटांवर, ३४ वर्षं जुन्या इमारतीत ३६५ चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके ४६ लाखांना मिळतोय. तिसरा, म्हणजे शेवटचा मजला. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. बाथरूमच्या छताचा थोडा गिलावा पडलाय, पण मालक रंगवून देणार आहेत. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून १९ लाख आहेत, १५,००० ची एसआयपी चालू आहे. भाऊ म्हणतो, एवढ्यात वाघोलीला मोठं घर येईल. एजंट म्हणतो, तीन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल. काय करू?

उत्तर: भावाचा मुद्दा आधी बाजूला ठेवते. मोठं घर मिळेल, पण नगर रस्त्यावरून रोज जा-ये करायची तर स्कूटर, पेट्रोल आणि दिवसाचे दोन-अडीच तास गेले. तुम्ही एकट्या आहात, पेठेत रुळलेल्या आहात, ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मंडईत भुयारी मेट्रो आली आहे. लहान घर ही इथे तडजोड नाही. उद्या बदली झालीच तर भाडेकरूही मिळेल, कारण स्पर्धा परीक्षांची मुलं याच पेठांमध्ये खोल्या शोधत फिरत असतात.

मला खटकतं ते एजंटचं वाक्य. ४६ लाखांतले काही लाख आजच्या घराचे नाहीत, ते त्या रिडेव्हलपमेंटच्या स्वप्नाचे आहेत. आणि गंमत बघा, ‘शनिवारवाड्यापासून पाच मिनिटांवर’ हे तो गुण म्हणून सांगतोय. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. बोळांतून पाच मिनिटं चालायला लागत असली तरी सरळ रेषेत मोजलं तर इमारत या ३०० मीटरच्या आत निघू शकते. मोबाइलच्या नकाशावर दोन मिनिटांत अंदाज येईल. इमारत नदीच्या बाजूला असेल तर विकास आराखड्यावर निळी पूररेषाही, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी रेषा, पाहून घ्या. पानशेतच्या वेळी, १९६१ मध्ये, या भागात पाणी शिरलं होतं, ते आजही जुने लोक सांगतात. त्यात समोरचा रस्ता अरुंद असला की वाढीव एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात जास्तीच्या बांधकामाची मुभा, मिळत नाही किंवा अगदी थोडा मिळतो, आणि मग बिल्डर फिरकत नाही. म्हणून या घराची किंमत लावताना रिडेव्हलपमेंट शून्य धरा. कधी झालीच तर वरकमाई.

आता पैसे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि ही किंमत तुमच्या करारातली की बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली, यातली जी कमी असेल ती. शिवाय इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून बँक मुदत कापते. ३४ वर्षांच्या इमारतीला २० वर्षं मिळतीलच असं नाही, म्हणून मी १५ धरते. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी लाखाला साधारण ९८५ रुपये हप्ता बसतो. पूर्ण ३६ लाख ८० हजार कर्ज मिळालं तर महिन्याला ३६,२०० च्या आसपास. हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. हे मी कुणालाच करू देत नाही.

घराबाहेरचा खर्चही मोजा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, पण दस्तात फक्त स्त्रियांची नावं असतील तर एक टक्का सवलत मिळते. तुमचे ४६,००० वाचतात, म्हणून भाऊ कितीही प्रेमाने म्हणाला तरी त्याचं नाव घालू नका. आईचं चालेल. तर शुल्क २ लाख ७६ हजार, नोंदणी ३०,०००, एजंटचा एक टक्का ४६,०००, सोसायटीची ट्रान्सफर फी २५,०००, वकील आणि बँकेची फी धरून आणखी ३०,०००. जुनं वायरिंग, पाइप आणि वरच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग याला अडीच लाख ठेवा. झाले साडेसहा लाखांच्या वर. आता समजा व्हॅल्युअरने घराची किंमत ४० लाखच लावली. कर्ज ३२ लाखांवर थांबेल आणि तुम्हाला पदरचे साडेवीस लाख उभे करावे लागतील. सगळी शिल्लक रिकामी करूनही दीड लाख कमीच.

हेच घर ४० लाखांना आलं तर चित्र बदलतं. ३२ लाखांचं कर्ज, हप्ता ३१,५००. आज भाडं आणि एसआयपी मिळून ३२,००० जातातच. एसआयपी थांबवावी लागेल, ते मला आवडत नाही, पण दोन-तीन पगारवाढींनंतर ती पुन्हा चालू होईल. सगळा खर्च जाऊन हातात पावणेपाच लाखांहून थोडे जास्त उरतात, ते एफडीत राहू द्या, मोडू नका. आणि करबचतीच्या भुलीत पडू नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि तुमच्या पगारावर तिच्यात तसाही कर बसत नाही.

कागदांमध्ये एकच गोष्ट मी सोडणार नाही: जमीन कुणाच्या नावावर आहे. सिटी सर्व्हे ऑफिसमधून मिळकत पत्रिका काढा. त्यावर अजून जुन्या वाडामालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल, म्हणजे कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालेलं नसेल, तर भाव आणखी खाली आला पाहिजे. सोसायटी नसून ‘अपार्टमेंट’ असेल तर डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये तुमच्या वाट्याला जमिनीचा किती टक्के हिस्सा लिहिलाय ते वाचा. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, वकील करतीलच. महापालिकेच्या मिळकत करात राहत्या घराला ४० टक्के सवलत आहे. आत्ताचे मालक भाडेकरू ठेवत असतील तर ती बंद झालेली असेल, पीटी-३ अर्ज भरून चालू करून घ्या.

आणि ते छत. मालकांना अजिबात रंगवू देऊ नका. शेवटचा मजला, वर उघडी गच्ची, आणि गिलावा पडलेल्या जागी सळई दिसत असेल, तिच्यावर गंजाचे पापुद्रे असतील, तर तो स्लॅब रंगाने बरा होणारा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा, चार-पाच हजार घेईल. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा; ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्येच (नियमावलीतच) आहे. ‘तसं काही केलेलं नाही’ असं सेक्रेटरी म्हणाले तर तेही उत्तरच समजा. जमलं तर मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि गच्चीत कुठे पाणी साचलंय ते बघा.

एजंट ५१,००० टोकन मागेल, ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणेल. मिळकत पत्रिका आणि इंजिनिअरचं मत हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका. बोलणी ३८ पासून सुरू करा, ४० वर थांबा. मालक ४० वर येत नसतील तर आहात तिथेच १७,००० भरत राहा. पेठेत जुन्या इमारतींतली घरं दर महिन्याला विकायला निघतात.